दगडाच्या कवचातील जीव

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद या तालुक्यांतून ज्येष्ठाच्या आरंभी ज्याने कधी प्रवास केला असेल, त्याला नांगरून पडलेल्या काळ्या रानाची धग ठाऊक असेल. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांत त्या दिवसांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि ढेकळांची वरची थराई त्याहूनही अधिक तापलेली असते. दुपारी त्या रानात अनवाणी पाऊल टाकवत नाही. पुढे मृगाचा पाऊस पडला की याच मातीत तुरीचे बी जाते. आणि शेतकरी जाणता असला, तर त्या बियाला चिकटून एक डोळ्यांना न दिसणारा जीवही जातो. त्या जिवाला उन्हापासून कसे वाचवावे, आणि त्यासाठी दगडाचे कवच कितपत उपयोगी पडेल, याविषयी मी आज आपणांशी बोलणार आहे. शास्त्रज्ञ या विषयाला जैवखनिजीकरण असे भारदस्त नाव देतात. मला मात्र तो प्रथम भेटला तो माझ्या मामांच्या शेतात.

मामांचे गाव भालकी तालुक्यातले. गावात मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर बोलली जाते; तुरीला कोणी तूर म्हणतो, कोणी तोगरी. कलबुर्गी जिल्हा तर तुरीचे कोठारच. २०१९ साली तिथल्या डाळीला भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘गुलबर्गा तूरडाळ’ या नावाने. शहराचे नाव २०१४ सालीच बदलले असले तरी डाळीने जुने नाव सोडले नाही. काही वर्षांपूर्वी मामांनी माझ्या सांगण्यावरून जिवाणू खताचे एक पाकीट आणले. गुळाच्या पाण्यात ती काळी भुकटी कालवून बियाला चोळली आणि निम्म्या शेतात ते बी पेरले. उरलेल्या निम्म्यात नुसते बी. चाळीस दिवसांनी आम्ही खुरप्याने दोन्हीकडची रोपे मुळांसकट उकरून पाहिली. इकडच्या मुळांवर जेमतेम चार गाठी, तिकडच्याही मुळांवर तितक्याच. मामा म्हणाले, “काय रे बाबा, कोळशाची भुकटी विकत घेतली का काय आपण?”

मामांचा प्रश्न खोचक असला तरी अगदी शास्त्रशुद्ध होता. ती भुकटी खरोखरच एक प्रकारच्या कोळशाची, म्हणजे लिग्नाइटची असते. लिग्नाइट हे केवळ वाहन. खरा प्रवासी रायझोबियम नावाचा जिवाणू. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचा असूनही कोणत्याही पिकाला तो थेट घेता येत नाही. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे हे जिवाणू तो बांधून पिकाच्या हवाली करतात. द्विदल झाडे हवेतील नत्र गाठींच्या द्वारे मिळवितात, हे जर्मनीतील हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी दाखविले, आणि १८८८ साली हॉलंडमधील बायेरिंक यांनी गाठीतील जिवाणू वेगळा काढला. आपल्या देशात या विषयाचा पहिला अभ्यास न. वि. जोशी यांनी केला, तो १९२० साली प्रसिद्ध झाला. आणि १९५६ साली या जिवाणूंचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस हैदराबाद राज्य विभागले गेले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी-औराद म्हैसूर राज्यात आले. जमीन मात्र अलीकडे आणि पलीकडे एकच काळी राहिली, आणि तिच्यावरील पीकही.

२००६ साली केंद्र शासनाने जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणली. भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात असा दंडक आहे. आकडा ऐकून छाती दडपते. पण कारखान्यातून निघालेले पाकीट मालमोटारीत, मग गोदामात आणि शेवटी तालुक्याच्या गावी पत्र्याखालच्या दुकानात वैशाखभर पडून राहिले, तर त्या कोटींतले किती उरत असतील? लिग्नाइट ओलावा धरून ठेवतो, उष्णता अडवीत नाही. आमच्या पाकिटावरची मुदत संपलेली नव्हती. आतल्या जिवांची संपली होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तुरीला चालणारे जिवाणू आपल्या काळ्या जमिनीत मुळातच असतात. म्हणून तर न चोळलेल्या बियाच्या मुळांवरही गाठी आल्या. मग मला असा प्रश्न पडला, की पाकिटातला जिवाणू सावलीत मरतो आणि शेतातला मात्र उघड्या उन्हात तग धरतो, हे कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर पश्चिम ऑस्ट्रेलियातून आले आहे. तेथील भुरक्या रेताड जमिनीत क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे पीक पहिल्या वर्षी चांगले येई आणि दुसऱ्या वर्षी पिवळे पडून मरे. मधल्या कोरड्या, कडक उन्हाळ्यात जमिनीतले गाठींचे जिवाणू नाहीसे होत. के. सी. मार्शल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९६४ साली दाखविले की त्याच रेतीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती मिसळली, तर कोरड्या उष्णतेतही जिवाणू टिकतात. केओलिनाइट जातीच्या मातीने मात्र तसे संरक्षण मिळत नाही. पहिल्या जातीच्या मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे पेशीभोवती जमतात आणि तिच्यावर मातीचे पांघरूण तयार होते. आता दख्खनच्या काळ्या जमिनीत सर्वांत अधिक काय असते, तर याच गटातील चिकणमाती! पावसात फुगून पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी जी माती, तिचा हा गुण आपल्या आजोबांच्या कानी कधी आला नसेल. शिवाय तुरीच्या गाठींतले बहुतेक जिवाणू सावकाश वाढणाऱ्या जातीचे असतात, आणि हे मंदगती जिवाणू कोरडेपणाला मुळातच अधिक काटक असतात.

पण हे पांघरूण उसने आहे. जिवाने ते स्वतः विणलेले नाही. स्वतःचे कवच स्वतः घडविणारे सूक्ष्म जीवही सृष्टीत आहेत. तळ्याच्या पाण्यातल्या करंडक वनस्पती, ज्यांना डायाटम म्हणतात, त्या पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून काचेची डबी बनवितात. झाकण आणि तळ असे तिचे दोन भाग असतात, म्हणूनच मराठीत त्यांना करंडक हे समर्पक नाव मिळाले. या डबीला असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांतून अन्न आत येते आणि उत्सर्ग बाहेर जातो. डबी चांगली भक्कमही असते; भक्षकाला ती सहज फोडता येत नाही. आइसलंडमधील उष्ण झऱ्याकाठी वाढणाऱ्या नीलहरित जिवाणूंवर सिलिकेचा थर नुसता साचत जातो, त्यात थोडे लोहही असते. ब्रिटिश संशोधकांनी २००१ साली दाखविले की या थराखालचे जिवाणू जिवंत राहून प्रकाशसंश्लेषण करीत असतात आणि सूर्याचे घातक अतिनील किरण तो थर अडवितो. पृथ्वीभोवती ओझोनचे छत्र नव्हते त्या प्राचीन काळी जीव उथळ पाण्यात कसा तगला असेल, याचा एक धागा त्यांना येथे सापडला.

आता आपल्या पायाखालच्या दगडाकडे येऊ. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी ज्याच्या घरात नाही असा मराठी माणूस दुर्मीळच. उन्हाळ्यात त्या फरशीवर उघड्या अंगाने लोळण्याचे सुख ज्यांनी भोगले आहे, त्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. शहाबाद, वाडी, सेडम, मळखेड हा सारा पट्टा चुनखडीच्या दगडाचा. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, त्याच दगडावर उभी होती, आणि आज तेथे त्याच दगडाचे सिमेंट होते. हा चुना एका उथळ समुद्राच्या तळाशी थरांवर थर साचून झाला. बहुसंख्य भूवैज्ञानिकांच्या मते तो काळ शंखशिंपल्यांचे जीवन समुद्रात रुळण्यापूर्वीचा होता. चुना बसविण्याचे काम शिंपल्यांनी केले नसेल, तर त्यात सूक्ष्म जीवांचा थोडाबहुत हात असावा, असा तर्क स्वाभाविकच निघतो.

हा तर्क अगदी हवेतला नाही. स्पेनमधील बोके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली मातीतून वेगळे काढलेले जिवाणू योग्य अन्नावर वाढवून पाहिले, तेव्हा चुनखडीचे स्फटिक बनविणे हा मातीतल्या जिवाणूंचा सार्वत्रिक गुण आहे असे त्यांना आढळले. काही जिवाणू युरिया फोडतात. त्यातून अमोनिया आणि कार्बोनेट निर्माण होते, भोवतीचे पाणी अल्कधर्मी बनते, आणि त्यात विरघळलेल्या कॅल्शियमची कार्बोनेटशी गाठ पडून चुनखडी खाली बसते. पेशीच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो आणि कॅल्शियमवर धनभार. त्यामुळे स्फटिकाचा पहिला कण बहुधा पेशीच्याच अंगावर धरतो.

खरी अडचण नेमकी येथे सुरू होते. हा कण वाढत जातो. पहिल्या थराने कदाचित ऊन अडेल. दहाव्या थराने अन्नाची वाट बंद होते, आणि आपल्याच श्वासाने बसविलेल्या चुन्यात तो जिवाणू गाडला जातो. दगडाखाली सूक्ष्मदर्शक धरला तर आत पेशीच्या आकाराचे पोकळ साचे दिसतात. जिवंत समाधी हा शब्द आपण साधुसंतांविषयी आदराने वापरतो. येथे तो अक्षरशः लागू पडतो, फक्त जिवाणूला कोणी विचारलेले नसते.

यातून निसटण्याची युक्ती ज्याला साधली असा एक जिवाणू मला विशेष आवडतो. लोहयुक्त पाण्याच्या झऱ्यात तांबूस, बुळबुळीत साका दिसतो, तो पुष्कळदा गॅलिओनेला नावाच्या जिवाणूची करणी असतो. विरघळलेल्या लोहाचे गंजात रूपांतर करून तो आपली उपजीविका करतो. गंज अंगावर बसला तर मरण ठरलेले. म्हणून तो पिळदार दोरीसारखा एक देठ एका बाजूने काढीत राहतो. गंज त्या देठावर बसतो आणि पेशी टोकाला मोकळी राहते. सुताराने रंधा मारताना भुसा एका बाजूला टाकावा तसा हा प्रकार. बीदरच्या तांबड्या जांभा दगडाच्या पठारावर हिंडताना मला या दोरीवाल्याची आठवण हटकून येते. त्या पठारात लोहाला तोटा नाही.

आता प्रयोगशाळेत काय झाले ते सांगतो. चीनमधील हांगझोऊ येथील झजियांग विद्यापीठात रुईकांग तांग यांच्या गटाने २००८ साली यीस्टच्या पेशींवर कॅल्शियम फॉस्फेटचे, म्हणजे हाडांत असते त्या जातीच्या खनिजाचे, कवच चढविले. यीस्ट म्हणजे पावाचे पीठ फुगविणारे किण्व. त्याच्या अंगावर हे खनिज आपणहून बसत नाही. म्हणून त्यांनी आधी धनभाराच्या आणि ऋणभाराच्या लांबलचक रेणूंचे एकावर एक असे पातळ लेप दिले. भिंत रंगविण्यापूर्वी अस्तर द्यावे तसे. मग त्यावर खनिज बसले. कवचातील पेशी अन्नाशिवाय अधिक काळ टिकल्या, आणि पेशीची भिंत विरघळविणाऱ्या पाचक द्रव्यालाही पुरून उरल्या. सौम्य आम्लाने कवच काढून टाकताच त्या पुन्हा वाढू लागल्या. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियात सिलिकेचे कवच चढविले गेले, तेव्हा पेशी जगल्या, पण त्यांचे विभाजन लांबले. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी जस्त आणि एक सेंद्रिय रेणू यांचे सच्छिद्र, स्फटिकमय कवच यीस्टला घातले. त्या छिद्रांतून साखरेचा लहान रेणू आत जाई, मोठे घातक रेणू बाहेरच राहात. येथेही कवच असेतो पेशी दुभंगली नाही. ते विरघळविले की तिचे जीवन पुढे चालू झाले.

या तिन्ही प्रयोगांत मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. वर्तमानपत्रांतून अशा बातम्या येतात तेव्हा कवचाच्या कणखरपणाचे कौतुक होते. पण कवचाने जीव वाचतो तो मुख्यतः झोपेमुळे. वाढ थांबलेली पेशी अन्न कमी मागते. म्हणजे कवच चढविणे हा अर्धाच पराक्रम आहे. उरलेला अर्धा ते नेमक्या वेळी उतरविणे. प्रयोगशाळेत ते संशोधकाच्या हातातील आम्लाने उतरते. मामांच्या शेतात कोणी उतरवायचे?

सिमेंटच्या क्षेत्रात या प्रश्नाला एक चतुर उत्तर मिळाले आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणूंची बीजुके आणि त्यांचे अन्न घालून ठेवण्याची पद्धत काढली. काँक्रीट अभंग असेतो बीजुके झोपलेली असतात. भेग पडून पाणी आत शिरले की ती जागी होतात, अन्न खातात आणि चुनखडी बसवून भेग बुजवितात. म्हणजे संकट हीच जागे होण्याची खूण. शिवाय येथे जिवाणू आपल्या चुन्यात गाडला गेला तरी कोणाचे बिघडत नाही. भेग बुजली म्हणजे झाले. गाठीच्या जिवाणूला मात्र मेलेला राहून चालत नाही. त्याला मुळापर्यंत पोहोचून केसाएवढ्या मुळीत शिरायचे आहे, आत वाढायचे आहे आणि तीन-चार महिने नत्र बांधायचा आहे. शिवाय रायझोबियम बीजुके बनवीत नाही. निसर्गाने त्याला स्वतःचे चिलखत दिलेलेच नाही, म्हणूनच त्याला परक्याचे चिलखत द्यावे लागते.

बियाला चुन्याचा लेप देण्याची रीत शेतीत काही अगदी नवी नाही. ऑस्ट्रेलियात लोनरगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली जिवाणू लावलेल्या क्लोव्हरच्या बियांवर चुनखडीच्या भुकटीचा थर देऊन ते आम्ल जमिनीत पेरले आणि गाठी उत्तम आल्या. पुढे डिंकाच्या पाण्याने हा थर पक्का करण्याची पद्धत तिकडे रूढ झाली. पण ही पद्धत जशीच्या तशी उचलून आपल्याकडे आणण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यांचा शत्रू जमिनीचे आम्ल होते. चुन्याने ते मारले. आपली काळी जमीन आधीच अल्कधर्मी, तिच्यात चुन्याचे खडे जागोजाग. आपला शत्रू ऊन आणि कोरड ही आहेत, आणि त्याहून मोठा शत्रू म्हणजे पहिल्या पावसानंतर पडणारी उघडीप. बी ओल्या मातीत पडते, दोन दिवसांनी ढग पळतात, आणि मग आठ-दहा दिवस वरचा थर पुन्हा तापतो. आपल्याला हवे असे कवच या उघडिपीत मिटलेले राहिले पाहिजे आणि कोंभाचे मूळ जवळ आले की उघडले पाहिजे.

हे अशक्य आहे असे मला वाटत नाही. उगवते मूळ आपल्या भोवती आम्लधर्मी द्रव्ये सोडते, आणि चुनखडी काय किंवा कॅल्शियम फॉस्फेट काय, दोन्ही आम्लात विरघळतात. तांग यांनी ज्या किल्लीने यीस्टचे कवच उघडले, तशीच किल्ली तुरीच्या मुळाजवळ जन्मतः आहे. कवच इतके पातळ करायचे की ती किल्ली त्याला पुरेल, आणि इतके जाड की वैशाख त्याला पुरणार नाही; एवढ्या दोन मर्यादांमधली ही वाट आहे. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण तो तपासायला कलबुर्गीसारखी जागा नाही. तूर येथे, चुना येथे, ऊन येथे. रायचूरचे कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, आणि तुरीवर काम करणारी पाटणचेरूची आंतरराष्ट्रीय संस्था, जी १९७२ साली स्थापन झाली, ती हुमनाबादवरून हैदराबादला जाणाऱ्या हमरस्त्यावरच. मात्र ज्या कवचासाठी आज महागडे रेणू आणि अनेकदा धुण्याच्या क्रिया लागतात, ते एका पाकिटाच्या किमतीत बसविता आले नाही, तर शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? यीस्टची एक पेशी वाचविणे आणि एका तालुक्याची पेरणी वाचविणे यांत पुष्कळ अंतर आहे.

तोपर्यंत मामांनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे. पाकीट ते आता पेरणीच्या तोंडावर, छापलेली तारीख आणि दुकानातली जागा दोन्ही पाहून आणतात. दारात उन्हात मांडलेले घेत नाहीत. घरी आणल्यावर ते पाण्याच्या रांजणाशेजारी ओल्या वाळूत अर्धे पुरलेल्या गाडग्यात ठेवतात. बियाला बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. चोळणे आणि वाळविणे दोन्ही सावलीत, पोत्यावर पसरून. आणि चोळलेले बी त्याच दिवशी, दुपार टाळून, ओलीत पडेल एवढे खोल पेरायचे. तिफणीवरच्या बाईला ते बजावतात, “बी झाकून ठेव गं, आत जीव आहे.”

गेल्या श्रावणात मी गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच खुरपे हाती घेतले. मूळ पाण्यात खळबळून धुतले आणि एक गाठ नखाने फोडून माझ्यापुढे धरली. कामाची गाठ आतून गुलाबी असते, निकामी गाठ पांढरट किंवा हिरवट. ही गुलाबी होती. मामांनी दुसरी फोडली, तिसरी फोडली. चौथी पांढरी निघाली, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “ही का नाही चालली, ते आता तू सांग.”